पगारी चालक

पायऱ्या अकरा. चौथीचा कोपरा फुटलेला, नववीवर कायम कुणीतरी मांडीवर फॉर्म घेऊन बसलेलं. त्या आरटीओ कचेरीच्या पायऱ्या पद्मावतीला तोंडपाठ झाल्या होत्या, आणि आरटीओच्या पायऱ्या तोंडपाठ होणं ही काही मिरवण्याजोगी कमाई नव्हे. पाच हेलपाटे झाले होते, आजचा सहावा. दर खेपेला पहाटे दुधाची फेरी उरकायची, सव्वाशे किलोमीटर गाडी हाणत हैदराबादला यायचं, काचीगुड्याला थोरल्या दिरांना गाडीत घ्यायचं, आणि खिडकी नंबर चारपुढं उभं राहून ऐकायचं की अमुक एक कागद राहिला.

आज गुरुवार होता. गाडीचा तात्पुरता नंबर शनिवारी संपत होता, एकदा वाढवून घेतलेला, आता पुन्हा वाढणार नव्हता. त्यानंतर गाडी रस्त्यावर आणली तर गुन्हा. म्हणजे रविवारपासून सावरखेलचं, तांड्यावरचं आणि माळावरच्या वस्तीचं दूध जिथल्या तिथं. हे सावरखेल नारायणखेडच्याही पुढं, कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर. गावापासून डांबरी सडक सात किलोमीटर, आणि मधला सगळा रस्ता काळ्या मातीचा. आषाढात ती माती चाकाला अशी धरते की साधी जीप जागच्या जागी फिरत राहते. ट्रॅक्टर निघतो, पण त्याला दीड तास लागतो, आणि दुधाची व्हॅन सडकेवर साडेसहाला येते ती कुणाची वाट बघत नाही. चारही चाकांना जोर असलेलीच गाडी हवी. छत्तीस घरांचं दूध त्या एका गाडीवर होतं, आणि छत्तीसही घरं रोज विचारत होती, नंबरचं काय झालं म्हणून.

नंबर अडला होता टॅक्सापायी. नव्या गाडीवर सरकारला एकदाच भरायचा तो लाइफ टॅक्स. पद्मावतीच्या गाडीवर तो दोन चांगल्या म्हशींएवढा होत होता, आणि गाडी घेताना तिनं घर झाडून पुसून पैसे दिले होते. पण या टॅक्समध्ये एक सवलत होती. ज्या गावाला पक्का रस्ता नाही, जिथं फोर-व्हील ड्राइव्हवाचून भागत नाही, तिथल्या गाडीला तो माफ. कागदावर वाचलं तर वाटावं, सरकारनं सावरखेलकडे बोट दाखवूनच ही सवलत लिहिलीय. ती मिळवायला गेलं की मग कळतं घोडं कुठं पेंड खातं ते.

तशी पद्मावती मूळची गावची नव्हेच. जन्म मलकपेठचा, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीतला. सकाळी घोड्यांच्या टापा ऐकू आल्या की आई चहाचं आधण ठेवायची. वडील कोर्टात पेशकार होते. जज्जसाहेबांपुढं कागद मांडण्यात त्यांचा जन्म गेला. घरात त्यांची एकच शिकवण होती, वाचल्याशिवाय सही नाही. दूधवाल्याची चिठ्ठीसुद्धा ते चष्मा लावून वाचायचे आणि दूधवाला दारात ताटकळायचा. अशा घरातली ही मुलगी सावरखेलच्या बाळकृष्णाला दिली. तो बी.एस्सी. झालेला, पण नोकरी नको, शेतीच करायची असं डोक्यात घेतलेला. सहा वर्षं संसार झाला. मग एका उन्हाळ्यात कावीळ झाली, आधी गावठी औषध घेतलं, दवाखान्यात न्यायला उशीर झाला, आणि तो गेला. पद्मावती तेव्हा बत्तीस वर्षांची, मुलगी मेघना दोन वर्षांची.

तेराव्या दिवशी थोरले दीर हिम्मतराव सगळ्यांसमोर म्हणाले, "पद्मानं कुठं जायचं नाही. मी आहे ना."

या 'मी आहे ना'नं तिला आधार दिला, हे कबूल केलंच पाहिजे. माहेरी परत पाठवलं नाही, शेत दुसऱ्याला बटईनं दिलं नाही, कधी वावगा शब्द बोलले नाहीत. पण ते होते कुठं? काचीगुड्याला, तिसऱ्या मजल्यावर. वीज खात्यात हेडक्लार्क होते, आता निवृत्त. गावाला यायचे वर्षातून एकदा, येळवशीला. वेळा अमावस्येला सगळा गाव शेतात जेवतो तेव्हा तेही यायचे, आंबिल पिऊन तृप्त व्हायचे, हरभऱ्याचे डहाळे सोलत बांधावर बसायचे आणि संध्याकाळी ज्वारीची दोन पोती, तूर आणि तुपाची बरणी घेऊन परत जायचे. मार्गशीर्षाच्या अखेरीस तो रस्ता पाटासारखा असतो.

बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस पद्मावतीचे. पेरणी, काढणी, म्हशी, गडी, सोसायटी, सगळं तिच्याकडं. जुन्या जीपवर पहिला ड्रायव्हर ठेवला त्यानं डिझेल विकलं. दुसऱ्यानं पिऊन जीप ओढ्यात घातली. तेव्हा तिनं ज्वारी काढलेल्या मोकळ्या रानात स्वतः शिकायला घेतलं, पदर कमरेला खोचून, क्लच सोडताना दर वेळी जीभ दाताखाली धरून. गावानं आठ दिवस बांधावर बसून फुकट तमाशा बघितला. नवव्या दिवशी त्या बघ्यांतल्याच एकाला साप चावला आणि त्याला नारायणखेडच्या दवाखान्यात तिनंच पोचवलं. तमाशा तिथं संपला, आणि लोक तिला जीपवाल्या बाई म्हणू लागले.

आता गाडीकडं येऊ. जुनी जीप अठरा वर्षं चालून यंदा उन्हाळ्यात कायमची बसली. नवीन गाडी घेतली ती सगळी पद्मावतीच्या पैशातून: दुधाची साठवण, दोन सालांची तूर, जुन्या जीपचं भंगार. पावती मात्र हिम्मतरावांच्या नावाची. का? तर या घराची रीतच तशी. वस्तू घरात आली की ती थोरल्याच्या नावानं. जमीन थोरल्याच्या नावानं, विहिरीची मोटार, ट्रॅक्टर, गॅसचं कनेक्शनसुद्धा. आजोबांच्या वेळेपासून असंच चालत आलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. पैसे तिनं दिले, शोरूममध्ये नाव कुणाचं असं विचारलं, तिनंच सांगितलं, "हिम्मतराव." कपाळ बडवून घ्यावं असं काही तेव्हा तिला वाटलं नाही. दात घासताना हात जसा आपोआप हलतो तसं तोंडातून नाव निघालं.

आणि हिम्मतरावांना गाडीचा अभिमान केवढा! ती काचीगुड्याच्या गल्लीत शिरली की गल्ली भरून जायची, स्कूटरवाले शिव्या द्यायचे, आणि हे बनियनवर खाली येऊन फडक्यानं बॉनेट पुसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आमचीच आहे. शेतावर लागते." चालवायला येत नव्हती त्यांना. साधी स्कूटरही कधी आली नाही; आयुष्यभर बस आणि रिक्षा.

सवलतीचा पहिला अर्ज हिम्मतरावांनीच भरला. हेडक्लार्क माणूस, फॉर्म दिसला की त्यांच्या बोटांना स्फुरण चढायचं. सोबत मालकाचा गाडीसह कच्च्या रस्त्यावरचा फोटो लागत होता, म्हणून ते मुद्दाम सावरखेलला आले, पांढरी पँट घालून बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. फोटो पद्मावतीनं काढला. पाऊस लांबला होता, रस्ता खडखडीत वाळलेला.

खिडकी नंबर चारवर चष्मेवाले एक साहेब बसायचे. त्यांनी फोटो पाहिला. "ये रस्ता तो अच्छा है, अम्मा. बारिश का फोटो लाव."

पाऊस पडला. पद्मावतीनं चिखलातून गाडी काढली, चाकांच्या खोल चाकोऱ्यांसकट फोटो घेतला, दुसरी खेप केली. साहेब म्हणाले, "गाडी तो निकल गई ना? निकल गई बोले तो रस्ता चलने लायक है. फँसी हुई फोटो लाव."

आता नवी कोरी गाडी मुद्दाम चिखलात रुतवायची. त्याला पाऊण तास लागला, कारण गाडी चांगली होती, रुतायलाच तयार नव्हती. शेवटी ओढ्याकाठी पुढची चाकं बुडाली. फोटो काढला, मग ट्रॅक्टर बोलावून गाडी ओढून काढली, बंपरला पोचा आला. तिसरी खेप. साहेबांनी चष्मा वर सरकवला. "इसमें तो फोर-व्हील भी फँस गई. फिर फोर-व्हील का फायदा क्या? सवलत कैकू?"

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. मलकपेठचं पाणी प्यायलेली बाई; तिथली दखनी बोली काय गावाला जाऊन विसरली नव्हती. "साब, निकली तो रस्ता अच्छा, फँसी तो गाडी बेकार. फिर मैं दूध उडाके लाऊँ क्या?"

रांगेतले लोक हसले. साहेबही जरा हसले, आणि हसता हसता त्यांनी अर्ज उलटून बघितला. तिथं मालकाचा पत्ता होता. काचीगुडा. "अरे, मालक तो शहर के हैं! ये सवलत गाँव में रहनेवालों की है. फोटो का झगडाच नै." तीन खेपा, एक पोचा, आणि झगडा फोटोचा नव्हताच!

चौथ्या खेपेला त्यांनी नीट समजावून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. मार्ग दोन होते. एक, गाडीचा मालकच त्या गावात राहणारा असावा. दोन, मालक शहरात असला तर गाडी शेतावर असावी आणि ती चालवणारा पगारी चालक त्या गावचा रहिवासी असावा. "अम्मा के नाम पे कर दो ना," साहेब हिम्मतरावांना म्हणाले. "गाँव में वहीच रहते, वहीच चलाते. एक फॉर्म की बात है."

पद्मावतीनं दिरांकडं पाहिलं. तिच्या मनात तोवर हा विचार कधी आला नव्हता. पण आता साहेबांनी बोलून दाखवल्यावर तो तिथं, त्या खिडकीपुढं, तिच्या मनात येऊन बसला, आणि बरा वाटला.

हिम्मतराव खाकरले. "तसं कसं? आमच्यात घरातली वस्तू... तो प्रश्न नाही. मी बघतो. मी आहे ना."

ते बघितलं ते असं. पाचव्या खेपेला काचीगुड्याच्या घरी हिम्मतरावांचा मुलगा ओमकार टॅब घेऊन बसला होता. सॉफ्टवेअरमधला मुलगा, घरून काम करायचा. "काकू, ऑनलाइनच टाकतो सगळं. तुमचं लायसन द्या, आधार द्या. इथं साइन करा. बोटानं. हौ, काचेवरच." फॉर्म इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी, आणि ओमकारला पंधरा मिनिटांत मीटिंग. पद्मावतीला परतीची घाई होती. संध्याकाळच्या धारा गड्यावर टाकून आली होती. तिनं बोटानं सही केली. पेशकारांच्या मुलीनं, आयुष्यात पहिल्यांदा, न वाचता.

आणि आज ही सहावी खेप, तपासणीची. आवारात चुन्यानं रेघा मारलेल्या होत्या, मध्ये मातीचा एक चढ केलेला. पद्मावती आणि हिम्मतराव गाडीजवळ उभे होते. चष्मेवाले साहेब हातात फाइल घेऊन आले, गाडीचा नंबर पडताळला, इकडं तिकडं पाहिलं.

"ड्रायव्हर किधर है? ड्रायव्हर कू बुलाव."

"मैंच चलाती हूँ, साब," पद्मावती म्हणाली. "आप जानते ना."

"हौ, लेकिन फॉर्म में..." त्यांनी पान उलटलं आणि वाचलं. "मालक हिम्मतराव. पगारी चालक पद्मावती, मुक्काम सावरखेल." मग चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. "आपच हैं पगारी चालक?"

हात पुढं करून तिनं फाइल मागितली, आणि साहेबांनी, नियमात बसत नसताना, दिली. इंग्रजी तिला वाचता येत होतं. 'मालकाशी नातं' असा रकाना होता, आणि त्यापुढं 'नोकर'. खाली तिची बोटानं केलेली वाकडी सही. तिनं ते दोनदा वाचलं. राग आला, भयंकर राग आला, पण आधी आली ती लाज, आणि लाज कशाची तेही तिला धड सांगता आलं नसतं.

"तो नुसता फॉर्मपुरता शब्द आहे," हिम्मतराव हळू आवाजात म्हणाले. "ओमकारला यादीतून काहीतरी निवडायलाच लागत होतं. मीच म्हटलं, टाक. सवलत मिळाल्याशी काम."

"चढ पे लेके दिखाव," साहेब म्हणाले.

तिनं दाखवलं. हिम्मतराव शेजारी बसले. चढाच्या मध्यावर गाडी थांबवायची, मागं न घसरता पुन्हा उचलायची, पलीकडं उतरून उलट्या गिअरमध्ये परत आणायची. सावरखेलच्या ओढ्यापुढं हा चढ म्हणजे पोरखेळ. आवारातली तरणी पोरं आपापल्या परीक्षा सोडून बघत उभी राहिली. साहेबांनी खूण केली, पास. मग फाइल बॉनेटवर ठेवली आणि पेन काढलं.

"अब तनखा का कागद. पगारी चालक है तो तीन महिने की पगार का पुरावा लगता. कितना देते?"

हा प्रश्न हिम्मतरावांना होता. ते चपापले. "पगार? अहो, घरातल्याच आहेत त्या. माझी भावजय. घरच्या माणसाला पगार कसला?"

"पगार नै तो पगारी चालक कैसे? फॉर्म रद्द करना पडेगा." साहेबही आता वैतागले होते, त्यांच्यामागं आणखी चौदा गाड्या उभ्या होत्या. "मालक नै, नोकर नै. फिर ये हैं कौन? मेरेकू एक तो लिखना पडता!"

हिम्मतराव पद्मावतीकडं वळले. म्हणजे तूच सांग, काहीतरी आकडा सांग, अशा नजरेनं. पाच हजार म्हण, सहा म्हण, उद्या चिठ्ठी करून देऊ.

"बाईस साल से काम पे हूँ, साब," पद्मावती म्हणाली. "तनखा अभी ठहरी नै."

कुणी हसलं नाही. साहेबांनी पेन खिशात घातलं आणि पुढच्या गाडीकडं निघून गेले. जाताना म्हणाले, "दस मिनिट में सोच के बोलो."

आवारात लिंबाखाली सिमेंटचा एक बाक होता. हिम्मतराव त्यावर बसले, घाम पुसला, आणि चिडले. आधी साहेबांवर, मग सरकारवर, मग ओमकारवर, की यानं नीट वाचून का भरलं नाही. पद्मावतीनं त्यांना पुरतं चिडून घेऊ दिलं. मग गाडीची चावी काढून त्यांच्याशेजारी बाकावर ठेवली.

"हे काय?"

"गाडी तुमची आहे, दादा. मी नोकरी सोडली."

"पद्मा, चेष्टेची वेळ आहे का ही?"

"चेष्टा नाही. नोकर म्हणून लिहिलंत ना, मग नोकर सोडून जाऊ शकतो. उद्या पहाटे पाच वाजता तांड्यापासून सुरुवात करा. दुधाचे कॅन तुमचे तुम्हीच चढवा. ओढ्यापाशी डावीकडून घ्या, उजवीकडं खोल आहे." आवाज चढला नव्हता. "जमीन तुमच्या नावानं, मी कधी बोलले नाही. विहीर, ट्रॅक्टर, कधी बोलले नाही. मला वाटायचं, कागदावर नाव नसलं तरी तुम्हाला ठाऊक आहे मी कोण ते. तुम्हाला ठाऊकच नव्हतं. यादीतून निवडायची वेळ आली तेव्हा तुम्ही नोकर निवडलंत."

हिम्मतरावांनी चावी उचलली. ती तळहातावर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. एवढी त्यांची गाडी, आणि ती चालू कशी करायची, चावी फिरवायची की बटण दाबायचं, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. सदुसष्ट वर्षांचा माणूस लिंबाखाली चावी घेऊन बसला होता आणि त्याला उठता येत नव्हतं.

दहा मिनिटं झाली. ते उठले, खिडकी नंबर चारपाशी गेले, रांगेत उभे राहिले. हेडक्लार्क असल्याचं या वेळी कुणाला सांगितलं नाही. नंबर आल्यावर म्हणाले, "नाव बदलण्याचा फॉर्म द्या."

साहेबांनी फॉर्म दिला आणि कॉम्प्युटरवर पान उघडलं. "कारण बोलो. तीनच है यहाँ. विक्री, बक्षीस, मालक का मृत्यू." मग स्वतःच सुचवलं, "बक्षीस डालो. आसान पडता. घर का मामला है."

हिम्मतरावांना ते पटलेलं दिसलं. बक्षीस. शब्द चांगला होता, थोरल्याला शोभणारा. त्यांनी पेन टेकवलं.

"दादा," मागून पद्मावती म्हणाली. "माझी गाडी मलाच बक्षीस देता?"

पेन थांबलं. रांगेतला एक जण "जल्दी करो चाचा" म्हणाला. पुढं साहेब, मागं रांग, शेजारी पद्मावती, आणि त्या तीन शब्दांपैकी कुठल्यामागं लपावं ते हिम्मतरावांना कळेना. शेवटी त्यांनी 'विक्री' लिहिलं. हेडक्लार्कचं ते घोटीव अक्षर, पण आज जरा हललं.

"विक्री?" साहेबांनी भुवया उंचावल्या. "पैसे मिले?"

"मिले," हिम्मतराव म्हणाले.

"पूरे? कब मिले?"

"पूरे मिले, साब. गाडी लेने के पहलेच मिले." मग ते मराठीत म्हणाले, आणि ते साहेबांसाठी नव्हतं. "सगळे पैसे तिचेच होते. माझी नुसती पावती होती."

साहेबांनी ते कळल्यासारखं किंवा न कळल्यासारखं केलं आणि शिक्का मारला. मग सवलतीचा नवा कोरा फॉर्म पुढं सरकवला. हो, नवा! मालक बदलला की अर्ज पहिल्यापासून. त्यात पुन्हा मालकाचा गाडीसह कच्च्या रस्त्यावरचा फोटो. पद्मावतीनं कपाळाला हात लावला.

"कल दो बजे के अंदर लाव, अम्मा," साहेब म्हणाले. "शनिवार कू नंबर मैं खुद करके देता. और फोटो कैसी भी लाव. निकली हुई, फँसी हुई, कैसी भी."

"फोटो मी काढतो," हिम्मतराव म्हणाले. चावी त्यांच्या मुठीतच होती. ती त्यांनी तिच्यापुढं धरली. पद्मावतीनं ती लगेच घेतली नाही. आधी नवा फॉर्म उघडला, तिथंच खिडकीशी उभी राहून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, रांग ओरडत राहिली तरी. मग सही केली आणि चावी घेतली.

त्याच संध्याकाळी हिम्मतराव तिच्यासोबत सावरखेलला आले. येळवस सोडून कुठल्याही दिवशी गावाला येण्याची ही त्यांची बावीस वर्षांतली दुसरीच वेळ, आणि पावसाळ्यात तर पहिलीच. शुक्रवारी पहाटे दुधाची फेरी निघाली तेव्हा ते शेजारच्या सीटवर दोन्ही हातांनी वरची दांडी धरून बसले होते. ओढ्यापाशी गाडी डावीकडं कलली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ओढा ओलांडून थोडं पुढं, उजाडताना, पद्मावतीनं गाडी थांबवली आणि उतरून बॉनेटजवळ उभी राहिली. मागं कॅन भरलेले होते.

हिम्मतराव फोन घेऊन उतरले. ऑफिसचे काळे बूट घातले होते. पहिल्या पावलाला घोट्यापर्यंत गेले; दुसरं पाऊल उचललं तर पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. ते तसेच एका पायावर डुगडुगत बॉनेटला धरून उभे राहिले आणि त्यांनी मागं पाहिलं, तांड्याकडं, मग पुढं, सडकेच्या बाजूला. जिकडं बघावं तिकडं तोच काळा चिखल होता.

"पद्मा, हा रस्ता असा असतो?"

"आषाढापासून दिवाळीपर्यंत."

"मी प्रत्येक अर्जावर लिहून दिलं. रस्ता अत्यंत खराब असून, वगैरे."

"हो."

त्यांनी वाकून चिखलात हात घातला, बूट ओढून काढला, आणि तो हातात घेऊन तसेच उभे राहिले. "न वाचताच सही केली गं मी," ते म्हणाले. "बावीस वर्षं."

पद्मावतीनं पदर नीट केला आणि बॉनेटवर हात ठेवला.

"फोटो काढा, दादा," ती म्हणाली. "साडेसहाला व्हॅन येते."